मेपलचा पाला

रविवार, दिवस मावळताना

पूजे, आजी सांगते तसंच लिही, आपल्या मनाचं घालू नको.

आज कॅनडातून माझ्या थोरल्याचा, विलासचा, व्हिडिओवाला फोन आला. तिकडं सकाळ होती. दारापुढचं मेपलचं झाड दाखवून राहिला होता. सगळा पाला लाल होऊन खाली पडलेला. तो कागदी पोत्यांत भरून रस्त्यावर ठेवायचा, मग गाडी येऊन नेते म्हणे. एवढा पाला, आन् खाणारं कोणी न्हाई. मी म्हणलं, "तुमच्या गावात एक शेळीबी न्हाई का रे?"

"न्हाई माय," म्हणला. हसलाबी न्हाई.

त्याचं लग्न मोडलं तवापासून मागं लागलाय, 'माय, इकडं ये, तुझ्या गुडघ्यांचा इलाज करू.' मी दर वेळी माझ्या शेळ्यांचं निमित्त सांगते. आजबी तेच सांगितलं. वाटलं, आता फोन ठेवल. तर म्हणला, "बंद करू नको. मी पाला भरतो, तू नुसती बघत बस."

खिडकीत फोन टेकवून भरत राहिला. पाच पोती भरली. रस्त्यानं माणसं गेली, पण त्याच्याशी एकबी जण बोलला न्हाई. इथं मी पाल्याचा भारा आणला तर अर्धी गल्ली चौकशी करते. हे मला आधी काहून दिसलं न्हाई?

लई थकले. एवढ्या लांब इमानात बसून जायचं जिवावर येतं. तुझ्या बापाला सांग, शेळ्या आता त्यानं बघायच्या. आन् विलासला कळव, मी येते. गुडघे लई दुखून राहिले, म्हणून येते, असंच सांग.