जुवांव कोणाचा?

५ मार्च १९९४, शनिवार

जेजू! आमच्या वॉर्डातले सात नंबर बेडचे व्हीलरसाहेब — इथे आखातात, अस्करच्या कारखान्यातले अमेरिकन इंजिनिअर — त्यांचे पणजोबा चक्क आपल्या वसईचे! सोळाव्या वर्षी जहाजावर चढून पळाले, कप्तानाचं आडनाव लावलं, तिकडेच वारले. थडग्यावर एवढंच: 'जॉन, जन्म वसई, १८४१.' जॉन म्हणजे आपल्याकडचा जुवांव! पण बाप कोण, घर कोणतं, कुणालाच ठाऊक नाही.

"गुरुवारी, सतराला मी हार्टच्या ऑपरेशनसाठी अमेरिकेला चाललोय, सिस्टर. त्याआधी कळलं तर बरं. नंतरचं कोण जाणे."

मी शब्द देऊन बसले!

७ मार्च

साहेबांकडे घरच्या बायबलची झेरॉक्स आहे, त्यात जॉनच्या मुलांची यादी. पहिला कॉर्नेलियस! आमच्यात थोरल्याला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. म्हणजे जॉनचा बाप कॉर्नेलियस. आणि माझे खापरपणजोबा कोण? कॉर्नेलियस!! साहेब आमचेच निघाले!

मला ना भाऊ, ना बहीण, फक्त पप्पा. राहवलं नाही, सांगून टाकलं. साहेबांनी हात धरला, "कझिन" म्हणाले. ड्युटीवरच रडू फुटलं.

वसईला पप्पांना फॅक्स — चर्चचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर बघा, यल्ला, लवकर!

हॉस्टेलवर शेजारच्या खोलीत राहणाऱ्या हॅझेल सिस्टरला सांगावंसं वाटलं. तीही वसईचीच. पण सहा महिने अबोला आहे. मेट्रनकडे चुगली तिनं केली, मी का आधी बोलू?

११ मार्च

मफी. काही नाही. पप्पांचा फॅक्स: "कॉर्नेलियसला तीन मुलगे. जुवांव एकही नाही. कशाला सांगत सुटलीस?"

१३ मार्च

सांगितलं साहेबांना. मान खाली घालूनच. ते म्हणाले, बहिणीला फोन करून बघतो.

१४ मार्च

फ्लोरी, तू गाढव आहेस! जॉनला कॉर्नेलियसच्या आधी एक बाळ झालं होतं! चार महिन्यांत गेलं, म्हणून यादीत नाही. बहिणीनं त्याचं थडगं बघितलंय. नाव — पास्कोल! तोच थोरला, म्हणजे जॉनचा बाप पास्कोल! कॉर्नेलियस दुसरा, म्हणजे बायकोच्या अमेरिकन बापाचं नाव! पप्पांना पुन्हा फॅक्स.

१६ मार्च, बुधवार

सापडला! "जुवांव, बाप पास्कोल, १८४१." खाली पप्पांचं अक्षर: "हे तुझ्या हॅझेलचं घर."

फॅक्स घेऊन बसून राहिले. घडी घालून ठेवला असता तर कुणाला कळलं असतं? साहेब मला अजून कझिनच म्हणतात.

मग उठले. हॅझेलचं दार वाजवलं. "चल वॉर्डात. तुझा माणूस उद्या जाणार आहे."