लाजाळू बुरशी

सोमवार, ३ मार्च
आपल्या मातीत जगाला ठाऊक नसलेली बुरशी सापडली आहे. खात्री कोणी केली? मी. पीएचडी पाच वर्षं रखडली म्हणणाऱ्या सरांना आता कळेल. पुढच्या बुधवारी, बारा तारखेला, समितीपुढे सादर करायची. मुदतवाढ त्यावरच ठरणार. म्हणजे मिळालीच.

मंगळवार, ४ मार्च
माती घातलेल्या प्लेटवर वाढलेली बुरशीची वसाहत हिरवी, मखमली, कडेला पांढरी. मायक्रोस्कोपखाली झाडूसारखे फाटे, त्यांवर बीजाणूंच्या माळा. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, ही तर साधी पेनिसिलियम. त्यांना काळ्या कडांचे पारदर्शक गोळे दाखवले. म्हणाल्या, अहो, ते हवेचे बुडबुडे, वरची काच जरा हळू ठेवत जा. जळतात लोक!
जाताना माती न घातलेली एक कोरी प्लेट माझ्या टेबलावर उघडी ठेवून गेल्या. ठेवू देत.

संध्याकाळी
दुसऱ्या स्लाइडवर गोळे नाहीत. बुरशी लाजाळू असावी. नवा गुणधर्म!

शुक्रवार, ७ मार्च
बायकोला म्हटलं, बुरशीला तुझं नाव देतो. म्हणाली, त्यापेक्षा तो कोट धुवायला टाका, तुमच्याआधी त्याचा वास घरात येतो. कोट लकी आहे. पहिल्या वर्षी याच कोटात सरांनी मला ‘ठीक’ म्हटलं होतं. तेव्हापासून पाणी लावलेलं नाही. मोठ्या कामात घरचेच आडवे येतात.

सोमवार, १० मार्च
कोऱ्या प्लेटवरही माझीच बुरशी! माती नसताना उगवली. काय जिद्द! मॅडम म्हणाल्या, म्हणजे ती मातीतली नाहीच. आणि माझ्या कोटाकडे बघत राहिल्या. हल्ली बऱ्याच जणांचं लक्ष जातं.

मंगळवार, ११ मार्च
मॅडमनी सरांसमोर कोटाच्या खिशाला चिकटपट्टी लावली, स्लाइडवर डकवली. झाडू. माळा. मग खिशात हात घातला. डब्यातला अर्धा पाव निघाला. हिरवा, मखमली, कडेला पांढरा. माझा आहे असं मी लगेच कबूल केलं नाही.
पेनिसिलियमच. खात्री मॅडमनी केली, सरांनीही.
उद्याची बैठक रद्द नाही. सरांनी फक्त विषय बदलला: प्रयोगशाळेतली स्वच्छता. बोलणार मॅडम. माझ्या मुदतवाढीचं त्यानंतर बघू म्हणाले. कोट धुवू का विचारलं, तर दोघं एकदम नको म्हणाले.
उद्या अकरा वाजता मी तो घालून समितीपुढे नुसतं उभं राहायचं आहे.