शेवंतीच्या कानातला बिल्ला आणि पालीचे मालक

पौष वद्य चतुर्थी, मंगळवार

तीर्थस्वरूप माधवदादा यांचे चरणी धाकटी बहीण गोदावरी हिचा वाकून नमस्कार (वाकताना एका हाताने कंबर धरावी लागते, पण रीत ती रीत). आपली प्रकृती ठीक असावी. वहिनींच्या गुडघ्याला थंडीचा त्रास होत असेल, त्यांनी एरंडाचं पान बांधावं. आपल्या मागच्या अंगणातला फणस यंदा लवकर धरला असं ऐकते, आनंद आहे. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण इकडे काहीही क्षेम नाही, म्हणून ते वाक्य गाळलं.

आपल्याला मी 'आपण' म्हणते आहे त्यावरून काय ते ओळखावं. शिवाय आज अंगारकी. चंद्र उगवेपर्यंत पोटात साबुदाण्याचा दाणासुद्धा जायचा नाही, तेव्हा या पत्रातला राग कुठला आणि भूक कुठली ते आपणच निवडून घ्यावं. पत्र लिहिण्याचं कारण असं की गेल्या माघातल्या उत्सवापासून अकरा महिने झाले, आपण मला एकदाही फोन केला नाहीत. मीही केला नाही, कारण मी लहान आहे आणि अपमान माझा झाला होता. बल्लाळेश्वराच्या प्रसादाच्या पंगतीत, चाळीस पानं मांडलेली असताना, आपण वाढप्याच्या डोक्यावरून मला ओरडून म्हणालात की गोदे, तुझ्याकडे जाऊन गाय वाळली. मी भरल्या पानावरून उठले. (पानात मोदक होता. तो मला अजून दिसतो.) या भाऊबीजेला मी पाटावर कुणी नाही म्हणून गच्चीत जाऊन चंद्राला ओवाळलं आणि मोकळी झाले. चंद्र निदान काही बोलत नाही.

तर त्याच वाळलेल्या गाईबद्दल हे पत्र आहे. आपण दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला ओवाळणीत घातलेली ती कालवड, शेवंती, गेले सात दिवस आमच्या ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात आहे. ती सोडवायला मी गेले तर मला सांगण्यात आलं की बाई, ही गाय तुमची नाही. ही गाय पालीच्या माधवरावांची आहे. हे मला, जिने रोज पहाटे तिच्यापुढे पेंढा टाकला, जिच्या हातचा भाताचा कोंडा खाल्ल्याशिवाय ती पाण्याला तोंड लावत नाही, त्या मला. मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत हजेरी घेतली, पण हजर असलेल्या माणसाला गैरहजर ठरवायची ही तऱ्हा मी पहिल्यांदा पाहिली.

झालं ते असं. भात कापून झालं की आपल्या कोकणात गुरं मोकळी सोडतात, ते आपल्याला मी सांगायला नको. आपल्या आजोबांच्या वेळेपासून सोडतात. खळं आटपलं, दावं काढलं, की गुरं दिवसभर हिंडतात आणि तिन्हीसांजेला आपापल्या गोठ्यात येतात. शेवंती मात्र दुपारी समुद्रावर जाते. वाऱ्यामुळे तिथे माश्या बसत नाहीत. ओल्या वाळूवर बसून ती लाटांकडे तोंड करून रवंथ करते, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पूर्वी तिथे ती, दोन होड्या आणि कोळ्यांची सुकत टाकलेली जाळी एवढंच असायचं. आता काशीदची गर्दी उतू जाऊन आमच्या किनाऱ्यापर्यंत आली आहे. (त्या लोकांना समुद्र पाहायचा नसतो, समुद्राकडे पाठ करून स्वतःला पाहायचं असतं.) एकतीस डिसेंबरला तिथे एका लग्न ठरलेल्या जोडप्याचे फोटो काढायचे चालले होते. वाळूत एक कमान उभी केली होती आणि ती वरपासून खालपर्यंत झेंडू आणि शेवंतीच्या फुलांनी मढवली होती. गाईपुढे, दुपारी तीनच्या सुमारास, उघड्यावर, ताज्या फुलांची कमान. मी विचारते, यात गाईचं काय चुकलं?

तिने शिस्तीत खाल्लं. उजवीकडून सुरुवात केली आणि खालची बाजू साफ केली. नवरा मुलगा कमरेत हात घालून उभा होता तो नवरीला सोडून पळाला (हे त्या मुलीने बरं झालं लग्नाआधी पाहिलं). शेवंतीने तिच्या ओढणीलाही नुसतं हुंगलं, खाल्लं नाही, कारण ओढणी नायलॉनची होती. एवढ्यावरून तक्रार झाली. आणि ज्या ग्रामपंचायतीला आमच्या आळीतला दिवा लावायला चार महिने लागले तिने पाऊण तासात गाय पकडली. कोंडवाडा अकरा वर्षं बंद होता. आत मोडके बाक, निवडणुकीच्या पेट्यांचं लाकूड आणि एक विसर्जन न झालेलं मखर होतं. चावी कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, शेवटी कुलूप फोडून गाय आत घातली आणि नवीन कुलूप लावून बाहेर पाटी रंगवली. पाटीवर पहिलं आणि एकमेव जनावर म्हणून आमच्या शेवंतीचा बारा आकडी नंबर आहे.

आता या नंबराबद्दल. आपण तो बिल्ला पाहिला आहे, पालीलाच मारला होता. पिवळा, खाण्याच्या पानाएवढा. कायदा असा की हा बिल्ला कानात नसेल तर गुराला विकायचं नाही, विकत घ्यायचं नाही, गाडीत चढवायचं नाही, सरकारी दवाखान्यात औषध नाही, वीज पडून मेलं तर भरपाई नाही. थोडक्यात, बिल्ला नसलेली गाय मरू शकते, पण मेली असं म्हणता येत नाही. बरं, चोरी थांबावी, रोगाची साथ कळावी, म्हणून हे केलं आहे हे मला समजतं, मी काही अडाणी नाही. पण बिल्ला गाईच्या कानात आणि मालक मोबाईलच्या पोटात, ही वाटणी कुणी केली? गाईला विचारा ना मालक कोण ते. माझा आवाज ऐकल्यावर ती कुंपणावरून मान काढून हंबरते. पंचांसमोर हंबरली. ते पंचनाम्यात घेतलं नाही.

मोबाईलवर नंबर तपासायला आला तो अल्पेश. पशुधन पर्यवेक्षक झाला आहे तो. माझाच विद्यार्थी, चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता, तेराचा पाढा आला नाही म्हणून मी त्याला दारात उभा करायची. त्याने नंबर घातला आणि वाचून दाखवलं: जात देशी, रंग तांबडा, जन्मतारीख एक जानेवारी (सगळ्या गुरांना एक जानेवारी लावतात म्हणे, जशी शाळेत आम्ही सगळ्या पोरांना एक जून लावायचो, त्यामुळे त्याबद्दल मी गप्प बसले), मालक माधवराव, राहणार पाली. मी म्हटलं, अरे मेल्या, तू माझ्या गोठ्यात येऊन हिला लस टोचली आहेस, माझ्या हातचा चहा प्यायला आहेस, तुला ठाऊक नाही गाय कुणाची? तर मान खाली घालून म्हणतो, "बाई, तुम्हीच शिकवलंत. जे पाहिलं ते लिहायचं नाही, जे पुस्तकात आहे ते लिहायचं." हे वाक्य मी त्याला शुद्धलेखनाच्या तासाला म्हटलं होतं. पोरं नको ते लक्षात ठेवतात आणि तेराचा पाढा विसरतात.

सुटकेचे दोन मार्ग त्याने सांगितले. एक, नोंदलेल्या मालकाने आपलं आधारकार्ड घेऊन जातीने यावं आणि जनावर ताब्यात घ्यावं. दोन, मालकी माझ्या नावावर करावी. त्यासाठी नोंदलेल्या मालकाच्या मोबाईलवर सहा आकडे येतात, ते दहा मिनिटांच्या आत अल्पेशला सांगावे लागतात. यातलं काहीच शुक्रवारपर्यंत झालं नाही, म्हणजे दहा दिवस भरले, की गाय बेवारस धरून लांबच्या गोशाळेत पाठवणार. बेवारस. सातवा महिना लागलाय तिला, पहिलटकरीण आहे, आणि तिला बेवारस म्हणतात. मी रोज दोन वेळा चालत जाऊन कुंपणातून पेंढा आणि कोंडा घालते आहे, पण काल तिने अर्धा कोंडा ठेवला. दिवसभर त्या मखराला पाठ घासत उभी असते आणि रस्त्याकडे बघते.

तेव्हा आपल्याकडून मला फक्त सहा आकडे हवे आहेत. बाकी बोलण्याची आवश्यकता नाही. पत्र काळूरामबरोबर पाठवते आहे. (आमच्या वाडीत राबणाऱ्या भागुबाईचा मुलगा, न्हावा शेव्याचे कंटेनर ओढतो, उद्या खोपोलीला जाताना पालीवरून जाईल.) त्याला मी सांगितलं आहे की दादा मोबाईल हातात घेऊन आकडे सांगेपर्यंत ओटीवरून हलायचं नाही. तो म्हणाला, "न्हाय हलत बाय, पन कंटेनर गल्लीत घुसल का?" घुसला नाही तर तो चौकात उभा करील आणि अंगारकीची उरलीसुरली गर्दी अडेल, त्याची जबाबदारी नोंदलेल्या मालकावर राहील. अल्पेशला तयारीत ठेवते. आकडे आले की आपला आणि गाईचा संबंध सरकारदरबारी संपेल, आणि मग ती वाळली की फुगली याची चौकशी करण्याचा अधिकारही संपेल.

वहिनींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद. आपणांस काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून इथेच थांबते.

आपली (कागदोपत्री कुणाचीच मालकीण नसलेली)
गोदावरी

ता. क. चंद्रोदय झाला, जेवले, आणि एक गोष्ट लिहायची राहिली असं पोट भरल्यावर वाटलं. त्या भाऊबीजेला तू टेम्पोतून कालवड उतरवलीस आणि लगेच मोबाईल काढून म्हणालास की गोदे, बिल्ला तुझ्या नावावर करून टाकू, दोन मिनिटांचं काम आहे. तेव्हा ताम्हण हातात धरून मीच म्हटलं होतं की भावाच्या ओवाळणीचा कुणी कागद करतं का, माहेरच्या वस्तूवर सही मागायची म्हणजे माहेरावर अविश्वास. तू दोनदा म्हणालास, मी दोनदा झिडकारलं. हे अल्पेशला सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस. त्याच्यासमोर मी सरकारला फार बोलले आहे.

ता. क. २. काळूराम पत्र न्यायला आला तेव्हा त्याला म्हटलं, दादाने अकरा महिन्यांत एक फोन केला नाही बघ. त्याने माझा मोबाईल हातात घेतला, काहीतरी दाबलं आणि म्हणाला, "बाय, तूच त्यांना बंद केलंस. ह्यो बघ नंबर, कर्जवाल्यांच्या खाली." माघात पंगतीवरून उठून आल्यावर त्याच संध्याकाळी तुझा फोन आला होता, तो मी रागाने कापला. मला वाटलं मी नुसता कापते आहे. त्या अडवलेल्यांच्या यादीत तुझे सतरा फोन आहेत. त्यातला एक भाऊबीजेच्या सकाळचा आहे, सात वाजून दहा मिनिटांचा. दादा, ते बघून मी ओटीवर बसले. काळूराम बिचारा पाणी घेऊन आला. आता नंबर मोकळा केलाय. फोन करता आला असता, पण पत्र लिहून झालं होतं, आणि आधी मी करणार नाही.

ता. क. ३. आकडे पाठवू नकोस. ओवाळणीचा कागद करत नाहीत हे माझं मत अजून तेच आहे, गाय तुझ्याच नावावर राहू दे. नोंदलेल्या मालकाने जातीने यावं असंही कायद्यात आहे, तेव्हा तू ये. शुक्रवारच्या आत ये. टेम्पो घेऊन ये. पहिलटकरणीला सातव्यात माहेरी न्यायची रीत आहे, आणि तिचं माहेर पालीला. प्रवासाला हरकत नसल्याचा दाखला अल्पेश देतो म्हणाला, बिल्ला आहेच. पुढच्या बाकावर तुझ्या नि ड्रायव्हरच्या मध्ये एका बाईची जागा होईल असं मी धरून चालते. माघी उत्सवही पंधरा दिवसांवर आला आहे, माझं एक पान तुमच्याकडे अर्धं राहिलं आहे.

ता. क. ४. सोबत पंचनाम्याची खरी प्रत जोडली आहे. चौथी ओळ वाच. वहिनींना हाक मारून मोठ्याने वाच. "सदर जनावर धष्टपुष्ट असून अंगाने भरलेले आहे," असं पाच पंचांच्या सह्यांनिशी लिहिलेलं आहे. सरकारी कागद आहे, खोटा म्हणता यायचा नाही. आणि लवकर ये रे, दादा. ती कोंडा ठेवते आहे. तू यायला शुक्रवार उजाडवलास, तर ती खरंच वाळलेली दिसायची.