घरी राहिलेला चष्मा

होटगी, मार्च १९७७

चि. सौ. प्रेमलास, आबाचा आशीर्वाद.

तुजी पत्रं तिकडं आधी सासरे वाचत्यात, म्हणून हे पोस्टात टाकणार न्हाय.

सोलापूरच्या तुज्या हायस्कुलात इन्स्पेक्टरसाहेब आले, तवा त्यांनी पोरांना शाळंबद्दल लिवायला लावलं. तू लिवलंस, दिवाळीपासनं गणिताला मास्तर न्हाय. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावलं. खुर्ची दिली, च्या पाजला. रेल्वेच्या गँगमनला तवर कुणी खुर्ची दिली नव्हती. पालकाचा अभिप्राय त्यांनीच लिवून ठिवला हुता: शाळा उत्तम आहे, सर्व शिक्षक हजर असतात, माझ्या मुलीने खोटे लिहिले. खाली मी सही केली.

साहेबांनी बापाचं खरं धरलं. मास्तर काय आला न्हाय. मॅट्रिकला तू गणितातच नापास झालीस, आन् मी तुजं लगीन उरकलं.

सासरी निघताना पाया पडून म्हणालीस, "आबा, तुमचा काय दोष? चष्मा घरी ऱ्हायला हुता की."

तसं मीच तुला सांगितलं हुतं.

पोरी, चष्मा खिशात हुता. तो लावून मी सगळं वाचलं, च्या संपवला, आन् मग सही केली.

तुजा आबा,
रामहरी