चार लिंबं, एक शिट्टी आणि राजूर घाट

बुलढाणा, सोमवार

चि. देवेश यास,

नीळकंठचे आशीर्वाद (या खेपेला जरा हात आखडून). तिकडे पुण्यात तुझी कंबर आता बरी आहे, असं तुझी ताई सांगते. ऐकून वाईट वाटलं, कारण माझी बरी नाही. कोपराला पट्टी आहे, नाक खरचटलंय आणि कानातून अजून सोयाबीनचं कुटार, म्हणजे नुसता भुसा, निघतंय. या सगळ्याला तू जबाबदार आहेस. फोनवरच सुनावलं असतं, पण मी चिडलो की तुला आवाज येईनासा होतो. कागदाला ती सोय नाही, म्हणून लिहितो आहे.

भाचीच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला मामाने काय पाठवावं? ड्रेस, घड्याळ, गेलाबाजार छत्री. तू पाठवलीस चार चाकांची फळी, उभं राहून घाट उतरायची! वर सायकलचं हेल्मेट, ज्याला आमच्या चाळणीपेक्षा जास्त भोकं. भार्गवीने सहा महिने रोज सकाळी सराव केला. मग खामगावच्या ऋत्विकने राजूर घाटात शर्यत ठेवली आणि मी शाळेत पी.टी. शिकवतो, गळ्यात शिट्टी असते, एवढ्या भांडवलावर मला साहित्य तपासनीस केलं. नियमांचं पत्रक मी पाठ केलं (नियम वाचला की मी तो पाळतो, तुमच्या घराण्यात ही खोड नाही). हनुवटीसकट चेहरा झाकणारं हेल्मेट, जाड चामड्याचा पोशाख, गुडघ्यांना पॅड, चाकाचा एकही नट ढिला नको, आणि तळव्याला प्लॅस्टिकच्या चकत्या लावलेले हातमोजे, कारण वळणावर हे लोक हात रस्त्याला टेकवून घसरतात म्हणे. त्या चकत्यांसाठी पोरीने तुझ्या ताईचा भाजी चिरायचा बोर्ड कापला. शरयू तो चार दिवस शोधत होती आणि संशय माझ्यावर होता.

गेल्या रविवारी रस्ता दोन तास बंद करून चौदा जण जमले. एकाने क्रिकेटचं हेल्मेट आणलेलं, दुसऱ्याने वेल्डिंगचे हातमोजे. तिसऱ्याचा चामडी पोशाख म्हणजे जुन्या सोफ्याचं रेक्झिन होतं, पाठीवर सोफ्याची बटणं तशीच! अशा पाच जणांना बाजूला काढलं, आठ पास केले. राहिली भार्गवी. फळी उत्तम, मोजे उत्तम, पॅड उत्तम, आणि डोक्यावर तुझी चाळणी. ऋत्विक म्हणाला, "सर, तुमचीच पोरगी आहे, जाऊ द्या नं! काऊन अडवून राह्यले?" माझीच आहे म्हणून तर अडवली. सगळ्यांदेखत तिच्या नावापुढे 'अपात्र' लिहिलं. तिने फळी सुरुवातीच्या रेषेवर ठेवली आणि दूर दगडावर जाऊन बसली.

आता तुझ्या मातोश्री. गीताबाई खास धाडहून जीपने आल्या होत्या, सोबत पूजेचं ताट. नवं वाहन म्हणून फळीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि चारही चाकांखाली लिंबं ठेवली. पोरगी अपात्र आहे हो, म्हटलं, तर म्हणाल्या, "असन अपात्र! गाडी तं नवीच हाये नं!" मी पाहुण्यांना नियम नऊ समजावत होतो (उतारावर फळी चाकांवर सोडू नये, उलटी ठेवावी). म्हटलं, दाखवूनच देऊ, आणि त्याच फळीवर पाय ठेवला. लिंबं फुटली. मी निघालो. शिट्टी तोंडातच होती, प्रत्येक श्वासाला ती वाजू लागली, आणि मागच्या आठही जणांना वाटलं, शर्यत सुटली! सर्वांत पुढे तपासनीस, पायात चपला, डोक्यावर काही नाही. पहिल्या वळणावर बकऱ्यावाल्या इंद्रभानने, घसरणाऱ्याला लागू नये म्हणून, कुटाराची पोती रचली होती, त्यांतली निम्मी त्याच्याच बकऱ्यांनी फस्त केली होती. उरलेल्या निम्म्यात मी शिरलो. बाजूने आठही जण गेले. त्यातला एक जाता जाता "नमस्कार सर" म्हणाला.

सगळ्यांच्या आधी भार्गवी धावत आली. दोन्ही हातांनी माझं सगळं डोकं चाचपून पाहिलं. शाबूत आहे म्हटल्यावर फळी काखेत घेतली आणि घाट चढून गेली. मला रडू आलं, देवेश. डोळ्यांत कुटार गेलं असं मी लोकांना सांगितलं. आज आठ दिवस झाले, घरात ती माझ्याशी बोलत नाही. भाजी वाढते, पाणी देते, बोलत मात्र नाही. मी काय चुकीचं केलं ते तरी सांग!

रेवतीला आशीर्वाद (तुझ्याशी लग्न केलं, एवढीच तिची चूक).

तुझ्यावर चिडलेला,
नीळकंठ

ता. क. : दिवाळीनंतर पुन्हा शर्यत आहे. हनुवटीसकट चेहरा झाकणारं हेल्मेट ताबडतोब पाठव. भार्गवीची वेणी घालताना शरयूने दोऱ्याने डोक्याचं माप घेतलंय, पंचावन्न सेंटिमीटर.

ता. क. २ : मी मागितलं असं तिला सांगू नकोस. पार्सलमध्ये घालायचं राहिलं होतं, म्हण. तुझ्यावर तिचा विश्वास आहे (का, ते मला कळत नाही).

ता. क. ३ : पाकीट चिकटवत होतो, तर भार्गवी टेबलाशी येऊन उभी राहिली. पत्र वाचलं की नाही, ठाऊक नाही. हातात तोच दोरा होता. तो माझ्या डोक्याभोवती गुंडाळला, फूटपट्टीवर मोजला आणि म्हणाली, "एकोणसाठ." तेव्हा हेल्मेटं दोन पाठव.