मीनूला सोडून सगळ्यांना आग्रह

मंगळ., ९ एप्रिल १९९६
डॉक्टरबाईंनी बजावलं, मीनूच्या ताटाकडे बघायचं नाही. ‘अजून घे’ म्हणायचं नाही. सोमवारी वजन. कमी भरलं तर अॅडमिट. मीनूला वेगळाच अभ्यास: दुसऱ्याच्या मनातलं आपणच ठरवायचं नाही, विचारायचं.
बसमध्ये लेक म्हणाली, “विचारायचं काय त्यात? चेहऱ्यावर दिसतंच.”
एकोणीस वर्षांची. बांगडी कोपरापर्यंत जाते.

बुध., १०
जेवताना मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गॅलरीतले टॉवेल पाठ झाले. ह्यांनी तोंडापुढे पेपर धरला, तोही उलटा. मीनू अर्धी पोळी टाकून उठली.

शुक्र., १२
चैत्राचं हळदीकुंकू. राजाजीनगरातल्या आपल्या मराठी बायका, शिवाय शेजारच्या कानडी शारदाक्का. आंब्याची डाळ, पन्हं. मी पातेलं घेऊन, “एवढीशी, माझी शपथ!” शारदाक्का वाटीवर हात धरून, “स्वल्प, स्वल्प!” म्हणजे थोडंच. तरी वाढलीच. मीनूपाशी आले आणि शहाण्यासारखी पुढे गेले. केवढा अभिमान!
बायका गेल्या. मीनू स्वयंपाकघराच्या दारात.
“सगळ्यांना आग्रह केलास, मला सोडून. ही जाडी झालीय, हिला नकोच, असं वाटतं ना? म्हणूनच खिडकीतून बघतेस?”
विचारलं! पहिल्यांदाच विचारलं!
“अगं, मला तुला भरवावंसं वाटत होतं. डॉक्टरांच्या धाकाने हात मागे घेतला.”
“आणि बाबा?”
“त्यांचा पेपर उलटा होता.”
हसली! नाक वर करून, लहानपणी हसायची तशी. मग वाटीत थोडी डाळ. स्वतःहून. मी पातेलं झाकलं. ‘अजून घे’ कसं गिळलं, माझं मलाच...

शनि., १३
आता खेळच झालाय. सकाळी नाश्त्याला:
“ओळखू? तुला वाटतंय, मी पोहे रुमालात लपवले.”
चूक! मला कॉन्व्हेंटमधली सिस्टर आठवत होती. लापशी संपेपर्यंत माझ्यामागे उभी. आम्ही तिला दुष्ट ठरवून मोकळ्या झालो.
मीनू म्हणाली, “घाबरत असेल ती. तू वाळकी होतीस ना?”
इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं. लेकीला सुचलं!
दुपारी मात्र अर्धीच पोळी.

रवि., १४
उद्या वजन. हे सकाळपासून तोच बल्ब पुसतायत.
मीनू म्हणाली, “उद्या आत ये. मी काट्याकडे बघणार नाही, तुझ्याकडे बघीन.”
“माझा चेहरा कसा का दिसेना, मीनू...”
“माहितेय. विचारीन.”