नऊ लाख रुग्ण आणि सात इंडेक्स

आदरणीय दाजी,

नमस्कार. ताईचा गुडघा बरा असेल आणि जिने न चढण्याचे पथ्य ती पाळत नसेल, असे दोन्ही धरून चालतो. मी ठीक आहे. आमचे रुग्णालयही उभे आहे.

बंद पडलेल्या जुन्या रुग्णालयाचे नऊ लाख रुग्ण आमच्या संगणकात आणायचे काम माझ्याकडे आले होते (म्हणजे त्यांच्या नोंदी, रुग्ण आपापल्या घरी होते). दिवसभरात जेमतेम तीस हजार आत गेले. कारण तुम्ही फोनवर सांगितलेत तेच: नोंद चटकन सापडावी म्हणून आमच्याकडे सात इंडेक्स, आणि प्रत्येक नव्या नोंदीसाठी संगणक सातही सूच्यांत जागा करत बसतो. "आधी इंडेक्स काढ, नोंदी भर, मग परत बांध," असे तुम्ही म्हणालात. पुढेही काहीतरी म्हणत होतात, पण तेवढ्यात ताईने फोन घेतला आणि माझ्या लग्नाचा विषय निघाला.

मी सातही काढले. पन्नास मिनिटांत नऊ लाख आत. अधीक्षकांनी पाठ थोपटली, मीही थोपटून घेतली. मग बांधायला बसलो. सहा बांधले गेले, सातवा अडून बसला. एका आरोग्य कार्डाच्या नंबरावर एकच माणूस आहे ना, हे पाहणारा तो इंडेक्स. तो नसताना, आमच्याकडे आधीच नोंद असलेली अकरा हजार माणसे दुसऱ्यांदा आत शिरली होती. (तो एक काढू नकोस, हेच तुम्ही सांगत होतात ना?) सोमवारी बघू म्हणून मी घरी गेलो.

सोमवारी पायाला जखम झालेले एक वयस्क शिंपी आले. संगणकाने त्यांची एक नोंद उघडली. पेनिसिलिन सोसत नाही हे दुसरीत होते. थोरल्या सिस्टर सुई हातात असतानाही सवयीने विचारतात, म्हणून त्यांनी विचारले. शिंपी म्हणाले, "मागे त्या पेनिसिलिननं मरता मरता वाचलो. तुमच्या कंप्युटरला माहीत आहे की."

सिस्टर वर माझ्या खोलीत आल्या. "तुमच्याकडे दोन शिंपी आहेत," त्या म्हणाल्या. "एक आज गेला असता. कोणता, ते तुम्ही ठरवा."

मी त्यांना शेजारची खुर्ची दिली आणि दोन्ही नोंदी उघडल्या.

नंतरचे पाच दिवस त्या आणि मी जोड्या जुळवत होतो. हुबेहूब सारख्या नोंदी संगणकाने एक केल्या. उरलेल्या एकोणीसशे सिस्टरांनी चष्मा पुसत स्वतः वाचल्या. शनिवारी दुपारी सातवा इंडेक्स चार सेकंदांत बांधला गेला. सिस्टर "हं" म्हणाल्या आणि वॉर्डात गेल्या.

आपला मेहुणा

ता. क. अहवालात मी "बाहेरील तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार" असे लिहिले आहे. तज्ज्ञ म्हणजे तुम्ही. अधीक्षकांचा फोन आला तर आपले नाते सांगू नये.

आणखी एक. अधीक्षकांवर "तज्ज्ञ" या शब्दाची फार छाप पडली. पुढच्या महिन्यात तिसऱ्या रुग्णालयाचे बारा लाख रुग्ण येणार आहेत, त्यासाठी त्यांनी तुम्हाला आठवडाभर बोलावले आहे. मी होकार कळवला. तुमच्या रजेचा अर्ज लिहून सोबत जोडला आहे. फक्त सही करावी.